बर्फातले हात

जानेवारीतल्या पहाटे बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात पारा १६ अंशांच्या आसपास असतो. याला थंडी म्हटलं तर नाशिककर हसतील. पण मासळी निवडणाऱ्या मावशींना हवेचा आकडा काय कामाचा? त्यांचे हात बर्फाच्या चुऱ्यात असतात.

बर्फाचा खरा मार वितळताना बसतो. १ किलो बर्फाचं शून्य अंशालाच नुसतं पाणी व्हायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात १ लिटर पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापेल. त्यातला काही वाटा बोटांकडून वसूल होतो. त्यात हात ओले, आणि पाणी हवेच्या जवळपास २५ पट सहज उष्णता वाहून नेतं.

गारठल्यावर मूठ नीट का वळत नाही, याचं कारण मात्र नुसतं बोटांत नाही. बोटं वळवणारे मोठे स्नायू कोपर आणि मनगटाच्या मध्ये असतात. तिथून दोऱ्यांसारखे स्नायुरज्जू बोटं ओढतात. त्यामुळे मोजे घातले तरी मनगटाच्या वरचा हात उघडा, ओला राहिला की बोंबील हातातून निसटणारच. रबरी मोज्यांत पातळ सुती मोजे घालावेत आणि ते ओले झाले की बदलावेत. घट्ट मोजे नकोत, रक्त अडतं.

त्याहून वरचं कारण आहे धडात. छाती-पोट गार पडू लागलं की शरीर आधी बोटांचा रक्तपुरवठा आखडता घेतं. आतली ऊब राखायची तर टोकाकडचा खर्च कमी करायचा, असा हा हिशोब. म्हणून लुगड्यावर चढवलेला स्वेटर आणि डोक्याला बांधलेला स्कार्फ हातांसाठीही असतो. हातमोज्यांइतकंच महत्त्व मी त्या स्वेटरला देईन.

मग थंडीचं विचारलं की मावशी देतात ते "आमाला सवय हाय" हे उत्तर? ते नुसतं बोलणं नाही. थॉमस लुइस या ब्रिटिश डॉक्टरांनी १९३० साली दाखवलं, की बर्फाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटांतल्या रक्तवाहिन्या आधी मिटतात, काही मिनिटांनी उघडतात, पुन्हा मिटतात, अशी लाटच चालते. पुढे १९६२ मध्ये ब्रिटनमधल्या मासे कापणाऱ्या कामगारांचे हात तपासले, तर त्यांच्यात हे उघडणं इतरांपेक्षा लवकर सुरू होत होतं. सवय म्हणजे रक्तवाहिन्यांची सवय. अर्थात उघडलेल्या वाहिनीतून उष्णताही जास्त जाते. फुकट काही नाही.

बधिर हात एकदम कढत पाण्यात घालू नयेत, चटका कळतच नाही. कोमट पाणी बरं, नाहीतर खांद्यातून हात जोरात गोल फिरवावेत, म्हणजे रक्त बोटांच्या टोकाकडे ढकललं जातं. आणि एक नावडती गोष्ट: पहाटेची मिश्री. तंबाखूतलं निकोटिन त्याच बारीक वाहिन्या आवळतं. मावशींना हे सांगायचा धीर मला अजून झालेला नाही. चहाचा ग्लास तेवढा त्यांच्या हातात देतो.