जॉन हाउलंडची बायको गव्हर्नरची मुलगी नव्हती!
अमेरिकेतल्या हाउलंड घराण्याच्या वंशावळीत वर्षानुवर्षं एकच गोष्ट चालत आली, की १६२० ला मेफ्लॉवर जहाजाने इंग्लंडहून आलेल्या जॉन हाउलंडने प्लिमथ वसाहतीचा पहिला गव्हर्नर कार्व्हर याच्या मुलीशी लग्न केलं. साफ चूक आहे हे. हाउलंड कार्व्हरकडे नोकरीला होता, बहुतेक त्यावरूनच कुणीतरी नातं जोडलं असणार. नंतरचे गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांनी लिहिलेल्या वसाहतीच्या इतिहासाचं हस्तलिखित १८५५ मध्ये लंडनला सापडलं, पुढच्या वर्षी छापलं गेलं, आणि त्यात सरळ लिहिलंय की बायको एलिझाबेथ, जॉन टिलीची मुलगी. बिचारीचे आईवडील पहिल्याच हिवाळ्यात गेले, परक्या मुलखात पोर पोरकी झाली, पुढे तिने दहा मुलं वाढवली, आणि वंशावळीत तिच्या बापाचं नावच नव्हतं, मला याचं खरंच फार वाईट वाटतं.