उंच डोंगरावरच्या कोळ्याचा पत्ता

झाडं मागे राहिली, झुडपंही संपली. आता नुसते दगड, शेवाळ आणि बोटभर उंचीचं गवत. अशा जागी स्वच्छ उन्हात गुडघे टेकून थोडा वेळ गप्प बसलं, तर कधीतरी दगडावरून एक मुंगी तुरुतुरु पळताना दिसते. थबकते, पुन्हा पळते. पाय मोजले की कळतं, ही मुंगी नव्हेच, आठ पायांचा कोळी आहे. ऊन तिरकं पडलं की त्याच्या पोटावरचे बारीक खवले धातूसारखे चमकतात. हा मिकारिया अल्पिना. लांबी चार मिलिमीटरच्या आसपास. न्यूरेंबर्गच्या लुडविग कोख या डॉक्टरांनी 1872 मध्ये त्याचं वर्णन केलं. 'अल्पिना' म्हणजे आल्प्सचा, उंच डोंगरावरचा. नाव चपखल आहे, पण थोडं फसवंही आहे. का, ते पुढे येईलच.

मिकारिया ज्या कुळातला आहे त्याचं नाव नॅफोसिडी, म्हणजे ग्राउंड स्पायडर. जगभरात या कुळाच्या अडीच हजारांच्या आसपास जाती आहेत. कोळी म्हटलं की आपल्याला जाळं आठवतं, पण ही मंडळी शिकारीसाठी जाळं विणतच नाहीत. जमिनीवर धावायचं आणि भक्ष्य गाठायचं, हा त्यांचा खाक्या. रेशीम लागतं ते दगडाखाली निजायची पिशवी विणायला, अंडी गुंडाळायला आणि भक्ष्य अंगावर आलं तर चिकट धाग्यांनी त्याचे पाय जखडायला. बहुतेक जाती रात्री फिरतात, दिवसा पिशवीत पडून राहतात. मिकारिया मात्र उन्हातला गडी. त्याच्या ड्रॅसोडिस क्युप्रियस नावाच्या एका भाऊबंदाची गंमत सांगायलाच हवी. 1999 मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं, की या कोळ्याच्या आठांपैकी दोन डोळ्यांचं काम चित्र पाहणं नाहीच. संधिप्रकाशात आकाशातून येणाऱ्या ध्रुवीभूत, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या, प्रकाशाची ही दिशा ते ओळखतात. डोळे कसले, होकायंत्रच ते. शिकारीला बाहेर पडलेला कोळी त्यांच्या भरवशावर आपली पिशवी पुन्हा शोधून काढतो. जाळं नसलेल्या कोळ्यालाही घर असतं, आणि ते घर म्हणजे बहुधा एक ठरावीक दगड.

उंच डोंगरावर तर सगळं या दगडावरच येऊन ठेपतं. दर हजार मीटर चढलं की हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते, हे आपण शाळेत शिकतो. पण हे तापमान मोजतात जमिनीपासून माणसाच्या छातीइतक्या उंचीवर. चार मिलिमीटरच्या जिवाला त्या हवेशी काय देणंघेणं? विरळ हवेतून येणारं कडक ऊन दगड तापवतं, आणि वाऱ्याने माणूस कुडकुडत असताना दगडापाशी छान ऊब असते. पातळ चीप झटकन तापते आणि झटकन निवते. जाड धोंडा दिवसभर सावकाश तापतो, मग रात्री उशिरापर्यंत ऊब धरून ठेवतो. हिवाळ्यात वर पुरेसा जाड बर्फ साचला, की तो गोधडीचं काम करतो. वर हाडं गोठवणारी थंडी असली तरी बर्फाखालची जमीन शून्याच्या आसपास टिकून राहते. भीती खरी असते ती बर्फ न पडलेल्या, कोरड्या आणि कडाक्याच्या थंडीची.

आता नकाशा. आल्प्समध्ये मिकारिया अल्पिना वृक्षरेषेच्या, म्हणजे जिथे झाडं संपतात त्या रेषेच्या, वर, साधारण दोन हजार मीटरांच्या पुढे शोधायचा. ब्रिटनमधलं सर्वांत उंच शिखर बेन नेव्हिस, तेच मुळी 1345 मीटरांचं. तरीही वेल्स आणि स्कॉटलंडच्या डोंगरमाथ्यांवर हा कोळी सापडतो. उत्तरेकडे जावं तशी वृक्षरेषा खाली उतरते आणि तिच्याबरोबर तोही उतरतो. त्याला उंचीची हौस नाही. त्याला हवी असते उघडी, खुरटी, थंड जमीन. मग ती दोन हजार मीटरांवर मिळो नाहीतर हजारावर.

हे डोंगर एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर आहेत आणि मधल्या सखल मुलखात या कोळ्याचा पत्ता नाही. असा तुटक नकाशा फक्त त्याचाच नव्हे. आल्प्समध्ये आणि थेट ध्रुवीय प्रदेशात सापडणाऱ्या, पण मधे कुठेच नसणाऱ्या अनेक वनस्पती आणि किडेही आहेत. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, उत्तर युरोपवर एक बर्फाचा थर होता आणि आल्प्सवर दुसरा. मधल्या सपाटीवर झाडं नव्हती, होती ती थंड, उघडी माळरानं. थंडीला सरावलेले जीव तिथे पसरलेले होते. पुढे हवा तापली, जंगल वाढलं. काहींनी उत्तर गाठली, काही डोंगर चढले. समुद्र वर यावा आणि टेकड्यांची बेटं उरावीत, तसं झालं.

या नकाशात एक खोट मात्र आहे, आणि ती कोळ्याकडून आलेली नाही. सखल भागात सर्रास दिसणारा मिकारिया पुलिकारिया हा दुसरा कोळी दिसायला जवळपास असाच असतो. खात्री करायची तर पूर्ण वाढलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्याची जननांगं तपासावी लागतात. शिवाय ज्या डोंगरावर अभ्यासक पोचले, जमिनीत तोंडापर्यंत पेले पुरून सापळे लावले, तिथेच ठिपके पडतात. माझं मत विचाराल तर रिकाम्या जागांवर फार विश्वास ठेवू नये.

इतक्या उंचावर खायला काय मिळतं? याचं उत्तर वेगळ्या कुळातल्या एका कोळ्यामुळे मिळालं. 1924 च्या एव्हरेस्ट मोहिमेतले डॉक्टर हिंग्स्टन यांना सुमारे 6700 मीटरांवर उड्या मारणारे कोळी सापडले. आसपास दुसरं काहीच जिवंत दिसेना, म्हणून ते एकमेकांनाच खात असावेत असा तर्क त्यांनी केला. पुढे लॉरेन्स स्वान या जीवशास्त्रज्ञांनी तिथले दगड धीराने पाहिले, तेव्हा माश्या आणि स्प्रिंगटेल नावाचे बारीक जीव निघाले. वाऱ्याने खालून उडून आलेले परागकण आणि वनस्पतींचा भुगा यांच्यावर ते जगत होते. म्हणजे शिखराजवळच्या कोळ्याचं जेवण खालच्या दरीत शिजतं आणि वर पोचवायला वारा असतो.

हवा अशीच तापत राहिली तर? दोन अंशांची वाढ म्हणजे हजार मीटरांना साडेसहा अंश या वरच्या सरळ हिशेबाने सुमारे तीनशे मीटर वर सरकणं. वेल्समधलं सर्वोच्च शिखर स्नोडन 1085 मीटरांचं आहे. त्याच्या माथ्याजवळच्या कोळ्याने आणखी तीनशे मीटर आणायचे कुठून?

पण हा हिशेब छातीइतक्या उंचीवरच्या हवेचा, हेही विसरता येत नाही. चेकियामध्ये व्लास्तिमिल रुझिच्का या कोळ्यांच्या अभ्यासकांनी डोंगरउतारावर साचलेल्या मोठ्या दगडांचे घसारे वर्षानुवर्षं तपासले आहेत. डोंगर बुटके आणि भोवती जंगल. पण घसाऱ्याच्या पायथ्याशी दगडांच्या पोकळ्यांत हिवाळ्यातली जड, गार हवा साठून राहते आणि कुठे कुठे ऐन उन्हाळ्यातही बर्फ हाताला लागतो. तिथे उत्तरेकडच्या थंड मुलखातले कोळी राहतात. आणि हिवाळ्यात त्याच घसाऱ्याच्या वरच्या टोकाला दगडांमधून कोमट, दमट हवा बाहेर येत असते. सगळीकडे बर्फ असताना तिथलं शेवाळ हिरवंगार असतं.