परभाषेच्या वर्गातली धास्ती: ती आली कुठून?

मिशिगन विद्यापीठातल्या अलेक्झांडर गिओरा यांच्या गटाने १९७२ मध्ये एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना बेताची दारू पाजली आणि थाई शब्द ऐकून जसेच्या तसे म्हणायला लावले. थोडीशी घेतलेल्यांचे उच्चार अजिबात न घेतलेल्यांपेक्षा सरस निघाले. जास्त घेतलेल्यांचे मात्र नाही. आता सैलावलं ते मन की नुसता जबडा, ही शंका उरतेच. गिओरांचं म्हणणं असं, की माणसाचा ‘मी’ त्याच्या मातृभाषेभोवती विणलेला असतो. परकी भाषा बोलायची तर त्या ‘मी’ची वीण जरा सैल करावी लागते. पोराटोरांची ती सैलच असते, मोठ्यांची घट्ट बसलेली.

मोठ्या माणसांच्या भाषावर्गातल्या धास्तीचा अभ्यास या ‘मी’भोवतीच फिरत आला आहे, जरी मधली बरीच वर्षं तो भलतीकडे शोधत होता.

मुळात ही धास्ती भाषाशिक्षणाइतकी जुनी नसावी असं मला वाटतं. व्याकरण घोकायचं, कोश उघडायचा, उतारा आपल्या भाषेत उतरवायचा, या जुन्या पद्धतीत तोंड उघडायची वेळच क्वचित येई. भीती असायची ती नापास होण्याची, म्हणजे गणितात असते तशीच. चित्र बदललं ते दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकी सैन्याला परभाषा वाचणारे नव्हे, बोलणारे लोक हवे होते, आणि १९४३ मध्ये त्यासाठी खास प्रशिक्षण सुरू झालं: छोटे गट, ती भाषा जन्मापासून बोलणारा माणूस समोर, आणि तासन्‌तास तोंडी सराव. त्यातून स्फूर्ती घेऊन पुढच्या दोन दशकांत ऐका-बोला पद्धत बोकाळली. भाषा म्हणजे सवय, चूक म्हणजे वाईट सवयीचं बी, म्हणून ती उगवता क्षणी खुडायची, असा तिचा खाक्या. विद्यार्थ्याला चारचौघांत बोलायला लावायचं आणि चारचौघांतच टोकायचं. दातखीळ बसायला याहून अधिक काय लागतं?

दुसरा धागा वृत्तीचा. रॉबर्ट गार्डनर आणि वॉलेस लँबर्ट यांनी १९५९ मध्ये माँट्रियलमधल्या इंग्रजीभाषक विद्यार्थ्यांच्या फ्रेंचचा अभ्यास मांडला. भाषा येण्यात उपजत कुवतीचा वाटा होता, तसाच त्या भाषेच्या लोकांविषयी काय वाटतं याचाही, आणि हे दोन वाटे एकमेकांपासून वेगळे होते. त्या लोकांत मिसळावंसं वाटणं एक, नोकरीसाठी किंवा पदवीसाठी भाषा हवी असणं दुसरं. या जोडीवर पुढे एवढं लिहिलं गेलं, की भीतीचा विषय बरीच वर्षं तिच्या सावलीत राहिला.

सत्तरच्या दशकात भीती मोजायला घेतली, तर आकडे एकमेकांशी भांडू लागले. केनेथ चॅस्टेन यांच्या १९७५ च्या अभ्यासात एका पद्धतीच्या फ्रेंच वर्गात परीक्षेची भीती वाढली तसे गुण घसरले, जर्मन-स्पॅनिशच्या वर्गांत कल उलटा दिसला. थॉमस स्कोव्हेल यांनी १९७८ मध्ये हे सगळं एकत्र मांडून दुखणं दाखवलं: प्रत्येक जण निराळीच भीती मोजत होता. हात धरून अभ्यासाला बसवणारी भीती आणि हातपाय गाळणारी भीती यांतला फरक मानसशास्त्रात १९६० पासून नोंदलेला होता, भाषावाल्यांनी तो मनावर घेतला नव्हता. (हे स्कोव्हेल गिओरांच्या दारूच्या प्रयोगातही सहलेखक होते.)

काही शिक्षकांनी मोजमापाची वाटच पाहिली नाही. बल्गेरियात गिओर्गी लोझानोव्ह यांनी आरामखुर्च्या मांडल्या, बरोक संगीत लावलं आणि प्रत्येक विद्यार्थ्याला नवं नाव, नवा व्यवसाय दिला. संगीताची चर्चा फार झाली. मला हुशारी वाटते ती नावं बदलण्यात. चुकतो तो मी नव्हेच, तो दुसराच कुणी! अमेरिकेत चार्ल्स करन या धर्मगुरू-मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना गोल बसवलं. बोलणाऱ्याने आपल्या भाषेत मनातलं सांगायचं, पाठीशी उभ्या शिक्षकाने ते परभाषेत हळूच सांगायचं, मग त्याने ते मोठ्याने म्हणायचं. शिक्षक समोरून उठून मागे गेला, बदल एवढाच, पण मोठा. पुढे १९८२ मध्ये स्टीफन क्रॅशन यांनी मनातल्या ‘गाळणी’ची कल्पना लोकप्रिय केली: भीती असली की कानावर पडलेली भाषा आत झिरपत नाही. कल्पना सुटसुटीत, पण पडताळून पाहायला अवघड.

१९८३ मध्ये कॅथलीन बेली यांनी स्वतः फ्रेंच शिकताना लिहिलेली रोजनिशी आणि इतर शिकणाऱ्यांच्या रोजनिशा उलगडल्या. भाषेची ही जाणकार बाई वर्गात बसून शेजारच्यांशी आपली तुलना करत होती, आपण मागे पडतोय असं वाटलं की धास्तावत होती आणि बरोबरीला आल्यासारखं वाटलं की निवळत होती. प्रौढ माणूस वर्गात शिक्षकाला घाबरतो त्याहून अधिक शेजाऱ्याला घाबरतो, हे इथे पहिल्यांदा नीट दिसलं.

मग आलं १९८६. टेक्सास विद्यापीठात, ऑस्टिनला, इलेन हॉरविट्झ आणि सहकाऱ्यांनी भाषा शिकताना धास्तावणाऱ्या विद्यार्थ्यांचे आधारगट चालवले होते. तिथे ऐकलेल्या तक्रारींतून ३३ विधानांची मापनश्रेणी तयार झाली. नाव पुकारलं की छातीत धडधडणं, येत असलेलं ऐनवेळी विसरणं, बाकीचे हसतील असं वाटणं, शिक्षक काय दुरुस्त करताहेत तेच न कळणं, असला सगळा माल त्यात होता. बोलण्याचा संकोच, परीक्षेची भीती आणि लोक काय म्हणतील ही चिंता, या तिन्हींशी तिचं नातं त्यांनी मान्य केलं. तरी ही नुसती बेरीज नाही, परभाषेच्या वर्गाची म्हणून खास धास्ती आहे, असा त्यांचा दावा होता. कारण गणित चुकलं तर गणित चुकतं. इथे माणूस स्वतःच अर्धामुर्धा दिसू लागतो. चाळिशीतला माणूस, घर-कचेरी सांभाळणारा, मतं असलेला, आणि तोंडातून निघतं काय, तर ‘माझी पिशवी लाल आहे’. विचार मोठ्याचे, वाक्यं तान्ह्याची. गिओरांचा ‘मी’ इथे परत आला, या वेळी दारूशिवाय.

याच हॉरविट्झ यांनी विद्यार्थ्यांच्या समजुतीही तपासल्या. रोज तासभर दिला की दोनेक वर्षांत अस्खलित बोलता येईल असं बऱ्याच नवशिक्यांना वाटत होतं. असा हिशेब मांडलेला माणूस सहाव्या महिन्यात अडखळला की दोष स्वतःला देतो. दुसरी घट्ट समजूत म्हणजे ‘आता वय झालं’. उच्चारांपुरतं त्यात तथ्य आहे. पण १९७८ मध्ये कॅथरीन स्नो आणि मारियान हूफनागल-हूले यांनी नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजीभाषकांना तपासलं, तेव्हा सुरुवातीच्या महिन्यांत किशोर आणि प्रौढ झपाट्याने पुढे गेले होते, आणि सर्वांत मागे होती तीन ते पाच वर्षांची मुलं.

नव्वदच्या दशकात वाद पेटला तो कोंबडी-अंड्याचा. रिचर्ड स्पार्क्स आणि लिओनोर गॅन्शो म्हणाले, भीती हे कारण नव्हेच. ज्यांची मातृभाषेतली ध्वनी-अक्षरांची पकड कच्ची, त्यांना परभाषा जड जाते, आणि जड जाते म्हणून भीती वाटते. पीटर मॅकइन्टायर यांना हे पटलं नाही. गार्डनर यांच्यासोबत १९९४ मध्ये त्यांनी संगणकावर फ्रेंच शब्द शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर वेगवेगळ्या टप्प्यांवर व्हिडिओ कॅमेरा आणला. कॅमेरा आला की भीती वाढली आणि त्याच सुमाराला शब्द लक्षात राहणंही मंदावलं. म्हणजे बाहेरून आणलेली भीतीही शिकणं अडवते. माझ्या मते दोन्ही बाजू आपापल्या अर्ध्या भागात बरोबर आहेत.

किती अडवते? २०१९ मध्ये यासेर तैमूरी आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र केले, तेव्हा भीती आणि यश यांचा सहसंबंध उणे ०.३६ निघाला, म्हणजे भीती जास्त तिथे यश कमी (शून्य म्हणजे संबंधच नाही, उणे एक म्हणजे पूर्ण उलटा). या आकड्याचा वर्ग केला, तर भीतीच्या वाट्याला येतो माणसामाणसांच्या यशातल्या फरकाचा साधारण आठवा हिस्सा. थोडा नाही, पण सर्वस्वही नाही. त्याआधी २०१४ मध्ये जाँ-मार्क देवाल आणि मॅकइन्टायर यांनी जगभरातल्या १७४६ जणांना भीतीबरोबर मजेविषयीही विचारलं होतं. या दोन गोष्टी तराजूच्या दोन पारड्यांसारख्या निघाल्या नाहीत. एकाच माणसाला एकाच तासात दोन्ही भरपूर असू शकतात. आणि वयाने मोठ्यांकडे मजा जास्त, धास्ती कमी होती.

१९९४ मध्ये भीती वाढावी म्हणून जो कॅमेरा मुद्दाम आणून ठेवावा लागला, तो आता ऑनलाइन भाषावर्गात प्रत्येकासमोर पहिल्या मिनिटापासून चालू असतो. वर बोलताना आपलाच चेहरा आपल्याला दिसत राहतो.