शिल्पासाठी स्टेनलेस स्टील निवडताना लोहचुंबक खिशातच ठेवा

आमच्या वर्कशॉपमध्ये चौकशीला येणाऱ्या बहुतेकांकडे दोन गोष्टी असतात: शिल्पाचं स्केच आणि लोहचुंबक. स्केचवर बोलायला आम्हाला आवडतंच. चुंबकाबद्दल मात्र रोज तेच सांगावं लागतं, म्हणून हे पत्रक छापलं.

चुंबक चिकटला नाही तर माल अस्सल ३०४ (स्टेनलेस स्टीलचा सगळ्यात जास्त वापरला जाणारा ग्रेड, म्हणजे प्रकार) आणि चिकटला तर भेसळ, असा समज पक्का रुजला आहे. पण २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही. त्यात महागडं निकेल कमी करून त्याची भरपाई मँगनीजने केलेली असते. नवं असताना ते ३०४ इतकंच चमकतं, उघड्यावर मात्र लवकर तांबूस डाग धरतं. उलट चांगल्या ३०४ चा पत्रा ठोकून गोलाई दिली की त्या जागी चुंबक हलकासा ओढला जातो. वेल्डवर आणि ओतीव भागांवरही तेच होतं, कारण धातू थंड होताना तडकू नये म्हणून त्यात थोडं फेराइट (धातूची चुंबकाला ओढणारी रचना) मुद्दाम राखलेलं असतं. आणि २२०५ डुप्लेक्स, म्हणजे साधारण निम्मं फेराइट असलेलं स्टील? त्यात सुमारे २२ टक्के क्रोमियम, ३ टक्के मॉलिब्डेनम. खारी हवा ते ३१६ (समुद्रकाठी वापरायचा ग्रेड) पेक्षाही चांगली सोसतं, पण चुंबक त्याला घट्ट चिकटतो. चुंबकाच्या हिशेबाने यातलं सगळ्यात सरस स्टील नापास आणि सगळ्यात हलकं पास!

खरी अडचण पुढे येते. चुंबक लावून, स्वस्त मिळाला म्हणून ग्राहक स्वतःच पत्रा आणतात. त्यात दोन ग्रेड मिसळलेले निघाले की काम थांबतं. ३०४ ला वेल्डिंगची रॉड ३०८एल लागते, ३१६एल ला (एल म्हणजे कमी कार्बनचा) ३१६एल. कटिंग झालेला कुठला तुकडा कशाचा, हे नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही. एकेक तपासावा लागतो. मुदत चुकते ती यातच.

म्हणून आमची पद्धत जरा कडक आहे. पत्रा मिल टेस्ट सर्टिफिकेटसह (कारखान्याच्या तपासणीच्या दाखल्यासह) घेतो, त्यावरचा हीट नंबर, म्हणजे भट्टीच्या घाणाचा क्रमांक, पत्र्यावरच्या नंबराशी जुळवतो आणि शिवाय एक्सआरएफ गनने (क्ष-किरणांनी धातूतले घटक मोजणाऱ्या हातातल्या यंत्राने) तपासतो. गनला कार्बन वाचता येत नाही, त्यामुळे ‘एल’ ग्रेडचा पुरावा शेवटी सर्टिफिकेटच. तुम्ही आणलेल्या मालावरही काम करू, पण सर्टिफिकेट नसेल तर गंजाची हमी देणार नाही. काहींना हा आडमुठेपणा वाटतो. वाटू दे. डाग पडले की फोन आम्हालाच येतो.

आता निवड. ग्रेड ठरतो शिल्प कुठे उभं राहणार त्यावर. घरात, दालनात ३०४ पुरतं. समुद्रापासून लांब, पावसाने धुऊन निघणाऱ्या जागीही पुरतं. अमेरिकेतल्या सेंट लुईसची १९६५ साली पूर्ण झालेली १९२ मीटर उंच गेटवे आर्च बाहेरून ३०४ चीच आहे. समुद्रकाठ, क्लोरीनच्या पाण्याचं कारंजं किंवा बर्फ वितळवायला मीठ टाकतात असा रस्ता असेल, तर ३१६एल घ्या. त्यातलं २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम मिठातल्या आणि अशा पाण्यातल्या क्लोराइडला तोंड देतं. ‘एल’ म्हणजे कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत. जाड प्लेटच्या वेल्डशेजारी गंज धरू नये म्हणून. पातळ पत्र्यात फारसा फरक पडत नाही, तरी आम्ही तेच वापरतो.

फिनिशचा विचार लोक सगळ्यात शेवटी करतात, खरं तर तो ग्रेडच्या बरोबरीने करायला हवा. खरबरीत पृष्ठभागात मीठ आणि धूळ अडकून बसते. किनाऱ्यावर नुसतं ग्राइंडर मारलेलं ३१६ नीट पॉलिश केलेल्या ३०४ च्या आधी डागाळू शकतं. हेअरलाइन (बारीक समांतर रेघांचा फिनिश) हवी असेल तर रेघा उभ्या घ्या, पाणी खाली ओघळतं. मिरर (आरशासारखा फिनिश) हवा असेल तर टायटॅनियमवाले ३२१ किंवा ३१६टीआय नको. बफिंगला (चकाकी आणण्यासाठी घासताना) त्यात बारीक ओरखड्यांसारख्या रेषा उमटतात. डिझाइनमध्ये पाणी साचणारे खोलगट भाग आणि पाऊस न पोचणारे आडोसे जितके कमी तितकं बरं. आडोशाला मीठ साचतं आणि डाग आधी तिथेच दिसतात.

वेल्डिंगनंतर पिकलिंग (आम्लाने वेल्डचा थर काढणं) आणि पॅसिव्हेशन (गंजरोधक पापुद्रा पुन्हा नीट तयार करणं) आमच्या कोटेशनमध्ये धरलेलंच असतं. ते काढून रक्कम कमी करा, असं कृपया म्हणू नका. वेल्डशेजारचा निळा-तपकिरी थर राहिला तर महाग ग्रेड घेऊन उपयोग नाही. जागेवर शिल्प उभं केल्यावर त्याच्याशेजारी लोखंडी रेलिंगचं ग्राइंडिंग करू देऊ नका. उडालेला लोखंडाचा कीस चिकटतो, गंजतो आणि बोल स्टीलला बसतो. धुवायला साधं पाणी आणि सौम्य साबण पुरे. फरशीचं अ‍ॅसिड, ब्लीच आणि लोखंडी घासणी लांब ठेवा.

कोटेशन मागताना स्केचबरोबर जागेचा फोटो, समुद्र किंवा कारंजं किती जवळ आहे, हवा असलेला फिनिश आणि शिल्प कोण, किती दिवसांनी धुणार, एवढं कळवा. ग्रेड आम्ही सुचवू. त्याच पत्र्याचा, त्याच फिनिशचा आणि मधोमध एक वेल्ड असलेला नमुना तुकडाही देऊ. ऑर्डर देण्याआधी तो काही आठवडे प्रत्यक्ष जागेवर ठेवून बघा.