ब्रिज डील आणि यूएफएपर्यंत नेणारा करार: तरुण डिफेन्समनची वर्षं मोजायची कशी

एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमधल्या एखाद्या संघाने बावीस वर्षांच्या डिफेन्समनला (बचावफळीतल्या खेळाडूला) तीन वर्षांचा करार दिला की चाहत्यांत दोन तट पडतात. ‘मॅनेजमेंटने कच खाल्ली, आठ वर्षं बांधून ठेवायचा होता’ असं एका बाजूचं म्हणणं. दुसरी बाजू सांगते, ‘पोरगं अजून कच्चं आहे, घाई कशाला?’ गंमत म्हणजे वाद दोन्हीकडून ‘किती वर्षं’ यावरच चालतो. खरं पाहायचं असतं ते करार संपेल त्या दिवशी खेळाडू कोण असेल ते. आरएफए (मर्यादित मोकळा, म्हणजे हक्क अजून जुन्या संघाकडेच असलेला) असेल तर तो ब्रिज, म्हणजे पुलासारखा मधला करार. यूएफए (पूर्ण मोकळा) असेल तर तो थेट मोकळेपणाच्या दारापर्यंत नेऊन सोडणारा करार, मग तो तीन वर्षांचा असो की सहा.

आरएफएच्या बाबतीत हक्क जुन्या संघाकडेच राहतात. दुसऱ्या संघाने त्याला ऑफर शीट, म्हणजे कराराचा प्रस्ताव, दिली, तर जुना संघ सात दिवसांत तेवढीच रक्कम आणि तेवढीच मुदत मान्य करून त्याला ठेवू शकतो. नाही ठेवलं तर मोबदला म्हणून ड्राफ्टमधल्या (नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेतल्या) निवडी मिळतात. आयपीएल पाहणाऱ्यांना यात आरटीएम कार्डाची आठवण होईल. फरक एवढाच, की २०२५च्या मेगा लिलावात कार्ड वापरल्यावर समोरच्या संघाला बोली आणखी एकदा वाढवता येत होती, तशी सोय इथे नाही. यूएफए झालेला खेळाडू मात्र १ जुलैला कुठेही सही करतो आणि जुन्या संघाच्या हाती काहीही लागत नाही.

यूएफए होण्याच्या मुख्य वाटा दोन. ३० जूनला वयाची २७ वर्षं पूर्ण झालेली असणं, किंवा सात ‘मोजलेले’ हंगाम पदरी असणं. यांपैकी जे आधी होईल ते. खेळाडू संघाच्या रोस्टरवर (खेळाडूंच्या यादीत) किमान ४० सामने असेल तर तो हंगाम मोजला जातो. दुखापतीच्या यादीत असतानाचे सामनेही यात धरतात. इथे आणखी एक घोळ नेहमी होतो. पदार्पण करणाऱ्या १८-१९ वर्षांच्या पोराला नऊ सामने खेळवून परत पाठवलं, की लोक म्हणतात ‘संघाने त्याचं यूएफएचं वर्ष वाचवलं’. तसं नसतं. दहा सामन्यांची अट एंट्री-लेव्हल, म्हणजे लीगमधल्या पहिल्या, करारासाठी आहे: दहावा सामना खेळला की कराराचं पहिलं वर्ष खर्ची पडतं, न खेळल्यास करार एक वर्ष पुढे सरकतो. यूएफएचं घड्याळ ४० सामन्यांवर चालतं. पंचवीस सामने खेळलेल्या पोराचं करारातलं वर्ष गेलेलं असतं, पण यूएफएच्या हिशेबात तो हंगाम धरलेला नसतो.

आता प्रत्यक्ष हिशेब. बफेलो सेबर्सचा रासमुस डालीन २०१८च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला आणि त्याच हंगामापासून खेळू लागला. एंट्री-लेव्हलची तीन वर्षं २०२१मध्ये संपली, तेव्हा त्याच्या नावावर तीन मोजलेले हंगाम होते. बफेलोने त्याला वर्षाला सरासरी ६० लाख डॉलरचा तीन वर्षांचा करार दिला. तीन अधिक तीन, सहा. म्हणजे २०२४मध्ये करार संपताना तो आरएफएच राहणार होता. हीच ब्रिजची खूण. समजा त्याच रकमेत बफेलोने चार वर्षं दिली असती, तर २०२५मध्ये सात हंगाम भरले असते आणि पंचविसाव्या वर्षी डालीन मोकळा झाला असता. कागदावर चार वर्षं जास्त ‘सुरक्षित’ दिसतात, पण याच्या बाबतीत ते एक जादा वर्ष सगळ्यात महागात पडलं असतं. ब्रिजचं शेवटचं वर्ष सुरू होताच, ऑक्टोबर २०२३मध्ये, बफेलोने वर्षाला १ कोटी १० लाख डॉलर या दराने पुढची आठ वर्षं करारबद्ध केली.

अठराव्या वर्षीच एनएचएलमध्ये स्थिरावलेल्या खेळाडूसाठी म्हणून तीन आणि चार यांत जमीन-अस्मानाचा फरक. कॉलेजमधून एकविसाव्या वर्षी आलेल्याला सात हंगाम भरायला अठ्ठाविसावं उजाडतं, म्हणून त्याच्या बाबतीत २७ वर्षांची अट आधी लागू होते. तेव्हा सरसकट ‘ब्रिज म्हणजे दोन-तीन वर्षं’ हे समीकरण टाकून द्यावं. खेळाडूची जन्मतारीख आणि पहिला पूर्ण हंगाम, या दोन गोष्टींवरून उत्तर निघतं.

व्हँकुव्हर कनक्सने ऑक्टोबर २०२१मध्ये हे दोन्ही प्रकार एकाच वेळी केले. फॉरवर्ड (आक्रमणातला खेळाडू) एलियास पेटरसनला वर्षाला ७३.५ लाख डॉलरचे तीन वर्षांचे ब्रिज मिळाले. डिफेन्समन क्विन ह्यूजला वर्षाला ७८.५ लाख डॉलर या दराने सहा वर्षं मिळाली. त्या वेळी बहुतेकांनी पेटरसनचा करार ‘छोटा’ आणि ह्यूजचा ‘लांब’ असं म्हणून सोडून दिलं.

ह्यूजचं गणित मांडून पाहा. २०१८-१९च्या शेवटी तो पाच सामने खेळला, ते मोजलेल्या हंगामात आले नाहीत. २०१९-२० आणि २०२०-२१ धरून करार सुरू होताना त्याचे दोन हंगाम झाले होते. सातवा भरणार होता २०२५-२६मध्ये. करार २०२७पर्यंतचा. म्हणजे सहा वर्षांपैकी पाच वर्षं अशी होती, ज्यांत तो तसाही संघाच्या हक्काखाली राहिला असता. संघाने त्याच्या मोकळेपणातलं विकत घेतलं ते फक्त एक वर्ष, २०२६-२७. चार वर्षांचा करार केला असता तर तो २०२५मध्ये आरएफए म्हणून पुन्हा टेबलावर आला असता आणि तो खरा ब्रिज ठरला असता. आठ वर्षं मिळवली असती तर मोकळेपणातली तीन वर्षं हाती आली असती. पाच किंवा सहा वर्षं मात्र मधल्या खड्ड्यात पडतात: दाराशी नेऊन सोडणारी. अर्थात त्या काळात कॅप (संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा) गोठलेली होती आणि जादा दोन वर्षांसाठी वार्षिक आकडा बराच वाढला असता, हेही खरंच.

पुढे काय झालं ते जगजाहीर आहे. करारात दीड हंगाम उरलेला असताना, डिसेंबर २०२५मध्ये, ह्यूज मिनेसोटा वाइल्डला गेला. बदल्यात मार्को रॉसी, लियाम ओग्रेन, झीव्ह ब्युइअम आणि पहिल्या फेरीची एक निवड व्हँकुव्हरला मिळाली. ब्युइअम हा स्वतःच तरुण डिफेन्समन आहे, त्यामुळे कनक्सच्या चाहत्यांना हा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागणार. आणि शिव्या घालायच्याच असतील तर एक लक्षात असू द्यावं: सहा वर्षांचा करार करणारे जनरल मॅनेजर जिम बेनिंग २०२१च्याच डिसेंबरमध्ये पदावरून गेले होते. दुसऱ्याने लावलेल्या मुदतीचा दिवस पुढच्या माणसाच्या कारकिर्दीत उगवतो, हे या धंद्यात नित्याचंच.

तुलनेला डॅलसचा मिरो हेस्कानेन घ्या. त्याचाही करार २०२१चाच, आठ वर्षं, वर्षाला ८४.५ लाख डॉलर. २०१८-१९पासून खेळत असल्याने त्याचे सात हंगाम २०२५मध्ये भरले. करार २०२९पर्यंत चालतो. डॅलसने चार मोकळी वर्षं विकत घेतली. ह्यूजपेक्षा वर्षाला फक्त ६ लाख डॉलर जास्त मोजून. कॉलोराडोचा केल मकार मात्र ह्यूजच्याच जातकुळीतला: २०२१ ते २०२७, वर्षाला ९० लाख, आणि मोकळं वर्ष एकच.

आता ब्रिजच्या बाजूचा तोटा, कारण तो मोठा असतो आणि उशिरा दिसतो. माँट्रियालने पी. के. सुब्बनला जानेवारी २०१३मध्ये दोन वर्षांचा, एकूण ५७.५ लाख डॉलरचा करार दिला. ‘आधी सिद्ध कर’ असाच सूर. त्याच हंगामात तो नॉरिस ट्रॉफी, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम डिफेन्समनचा मान, घेऊन बसला. २०१४च्या उन्हाळ्यात लवादाची सुनावणी होईपर्यंत ताणल्यावर संघाने वर्षाला ९० लाख दराने आठ वर्षं दिली. त्या हंगामाची कॅप ६ कोटी ९० लाख होती, म्हणजे एकट्या सुब्बनवर १३ टक्के. पैसे वाचवायला बांधलेल्या पुलाचा टोल शेवटी माँट्रियालनेच भरला.

एडमंटनचा इव्हान बुशार्ड ही याच प्रकाराची ताजी आवृत्ती, पण इथे माझा कौल संघाच्या बाजूने आहे. २०२३मध्ये दोन वर्षं, वर्षाला ३९ लाख, म्हणजे तेव्हाच्या कॅपच्या पावणेपाच टक्क्यांहूनही कमी. या दोन हंगामांत संघ दोन्ही वेळा स्टॅन्ली कपच्या, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीत पोहोचला. पहिल्या हंगामात बुशार्डने ८१ सामन्यांत ८२ गुण (गोल आणि असिस्ट मिळून) केले आणि प्लेऑफमध्ये २५ सामन्यांत ३२. जून २०२५मध्ये किंमत वर्षाला १ कोटी ५ लाखांवर गेली, नव्या कॅपच्या ११ टक्के. आणि हा दुसरा करार चार वर्षांचा. जन्म ऑक्टोबर १९९९चा, म्हणजे ३० जून २०२७ला तो २७चा. पहिली दोन वर्षं हक्काची, नंतरची दोन विकत घेतलेली, आणि २०२९मध्ये दार उघडं. पहिला करार ब्रिज, दुसरा दारापर्यंतचा. वर्षांचा आकडा दोन्हीकडे लहानच, पण एका शब्दाने दोन्हींचं वर्णन करणारे इथेच फसतात.

ब्रिज करताना मॅनेजमेंटचा हात चुकतो तो बहुधा शेवटच्या वर्षाच्या पगारात. आरएफएवरचा हक्क टिकवायला संघाला जूनअखेर क्वालिफाइंग ऑफर (नव्या कराराचा किमान प्रस्ताव) द्यावी लागते. नाही दिली तर खेळाडू यूएफए. ही ऑफर सरासरीवर ठरत नाही, शेवटच्या वर्षाच्या मूळ पगारावर ठरते. म्हणून एजंट करार मागच्या बाजूला जड करून घेतात. सॅन होजेचा टिमो मायर फॉरवर्ड आहे, पण यासाठी त्याच्याइतकं स्वच्छ उदाहरण नाही: चार वर्षं, सरासरी ६० लाख, शेवटच्या वर्षाचा पगार १ कोटी. म्हणजे हक्क राखायचा तर पुन्हा १ कोटीची ऑफर. संघाने फेब्रुवारी २०२३मध्ये त्याला न्यू जर्सीला देऊन टाकलं. २०२०च्या दुरुस्तीनंतर सही झालेल्या करारांत ही ऑफर सरासरीच्या १२० टक्क्यांवर जाऊ शकत नाही. त्यामुळे आता ही खोट कमी झाली आहे, संपलेली नाही.

ट्रेडला नकार देण्याच्या कलमातही दोन्ही करार वेगळे पडतात. नो-मूव्ह किंवा नो-ट्रेड कलम फक्त त्याच वर्षांत लागू होतं, ज्या वर्षांत खेळाडू एरवी यूएफए झाला असता. ब्रिजमध्ये अशी वर्षंच नसतात, म्हणून ब्रिजवरचा खेळाडू कधीही, कुठेही पाठवता येतो. लांब करारात कलम असलं तरी ते सुरुवातीला झोपलेलं असतं. सुब्बन मे १९८९चा. ३० जून २०१६ला तो २७चा झालेला असणार होता आणि त्याचं नो-मूव्ह १ जुलैला जागं होणार होतं. माँट्रियालने २९ जूनला त्याला नॅशव्हिलला पाठवून शे वेबरला आणलं. दोन दिवस उशीर झाला असता तर सुब्बनची संमती घ्यावी लागली असती.

ब्रिज कधी कधी दुसराच संघ बांधतो. ऑगस्ट २०२४मध्ये सेंट लुईस ब्लूजने एडमंटनच्या फिलिप ब्रोबर्गला दोन वर्षांची ऑफर शीट दिली: वर्षाला ४५,८०,९१७ डॉलर. आकडा विचित्र वाटतो, पण त्या वर्षीच्या मोबदल्याच्या तक्त्यात दुसऱ्या फेरीच्या एका निवडीवर भागणारी ही वरची हद्द होती. एक डॉलर जास्त झाला असता तर मोबदला पुढच्या पायरीवर गेला असता. त्याच दिवशी फॉरवर्ड डिलन हॉलोवेलाही तिसऱ्या फेरीच्या हद्दीवर बेतलेली ऑफर गेली. कॅपला टेकलेल्या एडमंटनने सातव्या दिवशी दोघांनाही जाऊ दिलं. चाहत्यांचा राग त्या दिवशीच्या निर्णयावर होता. खरी चूक आधीची: जुलैत मोकळे खेळाडू घेताना या दोघांसाठी कॅपमध्ये जागाच ठेवली गेली नव्हती.

तरुण डिफेन्समनसाठी दोन्हींपैकी काय निवडावं, याला एक उत्तर नाही, पण कल सांगता येतो. बचावफळीत खेळाडू उशिरा पिकतात. दोन-तीनशे सामने झाल्याशिवाय त्यांची जात कळत नाही, असं जाणकार म्हणतात. म्हणून गोल-असिस्टचे आकडे आधीच दाखवणाऱ्याला लांब बांधावं, कारण त्याची किंमत पॉवर-प्लेच्या (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाच्या) गुणांवर दरवर्षी चढते. मुख्यतः बचावासाठी घेतलेला, ज्याच्यावर अजून समोरच्या पहिल्या फळीची जबाबदारी पडलेली नाही, त्याला ब्रिज. ऑटवाने जेक सँडरसनला २०२३मध्ये आणि मिनेसोटाने ब्रॉक फेबरला २०२४मध्ये एंट्री-लेव्हल करार संपायच्या आधीच अनुक्रमे ८०.५ लाख आणि ८५ लाख दराने आठ-आठ वर्षं दिली. २०२५-२६ची कॅप ९ कोटी ५५ लाखांवर गेल्यावर हे आकडे स्वस्त दिसू लागले.

हा मार्ग मात्र आता थोडा अरुंद होतो आहे. सप्टेंबर २०२६च्या मध्यापासून लागू होणाऱ्या, लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या नव्या सामूहिक करारात स्वतःच्या खेळाडूला देता येणारी कमाल मुदत आठवरून सात वर्षांवर आणली आहे आणि बाहेरच्याला सातवरून सहा. एकविसाव्या वर्षी सही करणाऱ्या डिफेन्समनला सात वर्षं दिली, तर करार अठ्ठाविसाव्या वर्षी संपणार. लवकर सुरू झालेल्या डालीनसारख्याकडून मोकळी वर्षं तीन मिळतात, उशिरा आलेल्याकडून फार तर दोन. पुढच्या उन्हाळ्यात एखाद्या संघाने ‘कमाल मुदत दिली’ अशी बातमी आली, तर त्यातली मोकळी वर्षं किती हे आधी मोजा, मग मॅनेजमेंटला शाबासकी द्यायची की नाही ते ठरवा.