पार्श्वभूमी : चाहत्यांच्या आग्रहाने रेकॉर्ड झालेलं गाणं

प्रोग्रेसिव्ह मेटल या रॉक संगीताच्या गुंतागुंतीच्या प्रकाराचा चाहता सहसा एका ऐकण्यात तयार होत नाही. पहिल्यांदा गाणं नुसतं लांबत जातं. ताल मध्येच बदलतो, गायक गप्प होतो आणि गिटार-कीबोर्डची जुगलबंदी सुरू होते. पुन्हा ऐकताना त्या गर्दीत एखादी ओळखीची धून सापडते, आणि मग माणूस त्यात अडकतो तो कायमचा. हे वेड कसं घडत गेलं ते पाहायचं तर ड्रीम थिएटर या बँडइतकं चांगलं उदाहरण मला दिसत नाही.

या संगीताची पाळंमुळं सत्तरच्या दशकात आहेत. कॅनडाच्या रश या त्रिकुटाने १९७६ मध्ये '२११२' या अल्बमची एक अख्खी बाजू एकाच रचनेला दिली. पुढे ऐंशीच्या दशकात क्वीन्सराइक, फेट्स वॉर्निंग, वॉचटॉवर या अमेरिकन बँडनी असल्या विस्तृत रचनांना हेवी मेटलच्या दणदणीत आवाजाची जोड दिली.

ड्रीम थिएटरची सुरुवातच रशच्या चाहत्यांनी केली. गिटारवादक जॉन पेट्रुची, बेसवादक जॉन मायुंग आणि ड्रमर माइक पोर्टनॉय हे १९८५ मध्ये बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात शिकत होते. बँडचं पहिलं नाव, मॅजेस्टी, त्यांना सुचलं ते रशच्या तिकिटांसाठी रांगेत उभे असताना. त्या नावाचा दुसरा बँड निघाल्यावर पोर्टनॉयच्या वडिलांनी कॅलिफोर्नियातल्या एका चित्रपटगृहाचं नाव सुचवलं.

१९८९ चा पहिला अल्बम फारसा कुणाच्या कानावर गेला नाही. नव्या गायकाचा शोध लांबला आणि १९९१ मध्ये कॅनडाचा जेम्स लाब्री आला. १९९२ च्या 'इमेजेस अँड वर्ड्स' मधलं 'पुल मी अंडर' आठ मिनिटांचं असूनही रेडिओवर आणि एमटीव्हीवर वाजलं. ग्रंज हा साध्या, खरखरीत रॉकचा प्रकार ऐन भरात असताना हे घडलं, हे विशेष. गाणं संपतं तेही ओळ अर्धवट तोडून, फीत कापल्यासारखं. कुतूहल चाळवायला तेवढं पुरे होतं.

पण रेडिओवरच्या एका गाण्याने ओळख होते, निष्ठा नाही. ती कशी जमली हे सांगणारी घटना १९९५ ची आहे. पोर्टनॉयच्या आईचा विमान अपघातात मृत्यू झाला होता. त्या दुःखातून १९८९ मध्ये 'अ चेंज ऑफ सीझन्स' ही तेवीस मिनिटांची रचना आकाराला आली. लांबीमुळे ती अल्बममध्ये बसली नाही, मात्र कार्यक्रमांत वाजत राहिली. ज्यांनी ती ऐकली त्यांना ती स्टुडिओत रेकॉर्ड झालेली हवी होती. इंटरनेट अजून बाल्यावस्थेत असताना त्यावर एकत्र आलेल्या चाहत्यांनी सह्या जमवून तशी मागणी रेटली आणि अखेर रचना रेकॉर्ड होऊन बाजारात आली. तेवीस मिनिटांच्या गाण्यासाठी लोकांनी रेकॉर्ड कंपनीच्या मागे लागावं, याहून मोठी पावती कलावंताला काय मिळणार!

बँडनेही या कान देऊन ऐकणाऱ्यांची कदर केली. १९९९ चा 'सीन्स फ्रॉम अ मेमरी' ही सबंध अल्बमभर चालणारी कथा आहे. त्याच्या शेवटी खरखर ऐकू येते आणि २००२ चा अल्बम त्याच खरखरीने उघडतो. त्याच्या अखेरच्या सुरावटीतून २००३ चा 'ट्रेन ऑफ थॉट' सुरू होतो, आणि तो ज्या पियानोच्या स्वरावर थांबतो तिथूनच २००५ चा 'ऑक्टेव्हेरियम'. शिवाय पोर्टनॉयने दारूच्या व्यसनातून बाहेर पडण्याची वाटचाल २००२ ते २००९ या काळातल्या पाच अल्बममध्ये एकेक गाणं करत मांडली. वरवर ऐकणाऱ्याला यातलं काही जाणवत नाही. ज्याला जाणवतं तो मागचे सगळे अल्बम पुन्हा काढून बसतो.

म्हणूनच सप्टेंबर २०१० मध्ये पोर्टनॉय बाहेर पडला तेव्हा अनेक चाहत्यांना घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं. त्याच्या जागी आलेला माइक मँजिनी अत्यंत तयारीचा वादक. त्याच्या काळातच 'द एलियन' या गाण्याला २०२२ मध्ये ग्रॅमी मिळालं, जे बँडचं पहिलंच. त्याचं काम कमी लेखणं अन्यायाचं आहे, असं मला मनापासून वाटतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये पोर्टनॉय परतला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये 'पॅरासोम्निया' आला. त्यातलं शेवटचं गाणं साडेएकोणीस मिनिटांचं आहे.