काउंटी-विभाजन आणि सार्वजनिक कर्जाची वाटणी

अमेरिकेत एका काउंटीतून (राज्याखालील स्थानिक प्रशासकीय घटकातून) दुसरी काढताना जुन्या देण्यांचा किती भार नवीवर टाकायचा, हे ठरविण्याची पद्धत. काउंटी स्वतः मालमत्ता कर बसविते व कर्जरोखे काढते. आपल्याकडील जिल्ह्याप्रमाणे ती केवळ महसुली विभाग नसल्याने हा प्रश्न उद्भवतो.

विधिमंडळाने काहीच तरतूद केली नाही, तर सर्व कर्ज मूळ काउंटीकडे राहते. उरलेल्या हद्दीतील सार्वजनिक मालमत्ताही तिचीच. लॅरमी काउंटी विरुद्ध ऑल्बनी काउंटी या खटल्यात (सर्वोच्च न्यायालय, १८७५ चे सत्र) हे तत्त्व मान्य झाले. वायोमिंगमधील लॅरमीचा मोठा मुलूख ऑल्बनी व कार्बन या काउंट्यांत गेला, तरी त्यांच्याकडून वाटा मागण्याचा तिचा दावा टिकला नाही. उलट टेक्सासच्या १८७६ च्या संविधानात (अनुच्छेद ९) तुटलेल्या भागाने तत्कालीन देण्यांतील आपला हिस्सा फेडलाच पाहिजे, असे बंधन आहे.

हिस्सा मोजण्याच्या कसोटीबद्दल मतभेद आहेत. क्षेत्रफळ धरल्यास ओसाड भागावर अन्याय होतो. लोकसंख्येवरून करक्षमता कळत नाही. कर्ज मालमत्ता करातूनच फिटत असल्याने करपात्र मूल्याचे प्रमाण अधिक ग्राह्य वाटते. मात्र दोन्ही भागांसाठी एकाच वर्षाची करनिर्धारण यादी (करपात्र मालमत्ता व तिचे मूल्य यांची नोंद) हवी. विभाजनदिनी फेडणे बाकी असलेले रोखे व इतर देणी यांची बेरीज करून तीतून कर्जफेड निधी व शिल्लक रोकड वजा करतात. समजा, देणी ४,५०,००० डॉलर, वजावट ६०,००० आणि नव्या भागाचे करपात्र मूल्य एकूण मूल्याच्या ३० टक्के आहे. तर हिस्सा १,१७,००० डॉलर. हीच वजावट हिस्सा काढल्यावर पुन्हा नव्या काउंटीला दिली, की हिशेब बिघडतो. वसूल न झालेला जुना कर कोणाचा, हे आधी लिहून न ठेवल्यास तोही दोन्हीकडे धरला जातो.

मालमत्तेच्या वजावटीने आकडा किती हलतो, हे राज्यपातळीवरील व्हर्जिनिया विरुद्ध (तिच्यातूनच वेगळे झालेले राज्य) वेस्ट व्हर्जिनिया वादात दिसते. १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुलामांचे मूल्य वगळून मालमत्तेच्या प्रमाणात जुन्या कर्जातील वेस्ट व्हर्जिनियाचा वाटा २३.५ टक्के, म्हणजे सुमारे ७१.८ लाख डॉलर, ठरविला. १९१५ मध्ये सुमारे २९.७ लाख वजा होऊन मुद्दल ४२.२ लाखांवर आले, पण ८१.८ लाख व्याज धरून एकूण देणे १,२३,९३,९२९.५० डॉलर झाले.

ही वाटणी दोन काउंट्यांपुरती असते. रोखेधारकाचा मूळ करार तिने आपोआप बदलत नाही. म्हणून नवी काउंटी सहसा आपला हिस्सा मूळ काउंटीकडे हप्त्यांनी भरते.